वाड्याच्या काळवंडलेल्या सागवानाला पाणी आणि तेल

आमच्या वाड्याचं तोंड पश्चिमेला आहे. जुन्या नाशकात, गंगेकडे (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) उतरणाऱ्या एका गल्लीत. खाली ओटा, ओट्यावर चार खांब, आणि वर माडीची सगळी दर्शनी बाजू सागवानी फळ्यांची, चौदा फूट रुंद. दुपारी बारानंतर ऊन थेट अंगावर येतं आणि पावसाळ्यात झडही त्याच बाजूने. त्यामुळे पाठीमागचं लाकूड अजून तांबूस आणि पुढचं मात्र राखेसारखं, मध्ये मध्ये काजळी फासल्यासारखं काळं. येणारा जाणारा सांगायचा, "आता हे सडलं, काढून टाका, ॲल्युमिनियम लावा."

सडलेलं नव्हतं. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तीस वर्षं सहाय्यक होते, त्यामुळे कोणी काही म्हटलं की आधी तपासून बघायची खोड आहे. दाभण घेतला आणि फळीफळीत टोचला. राखाडी भागात तो जेमतेम रुतायचा आणि लगेच खाली टणक लागायचं. सुतारमामांनी पटाशीने एका कोपऱ्यात नखाएवढी कपची काढली, तर खाली मधाच्या रंगाचं लाकूड. "ताई, ही नुसती साल आहे, दुखणं नाही," ते म्हणाले.

ही साल येते कुठून ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लाकडात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा लिग्निन. उन्हातले अतिनील किरण लिग्निनला फोडतात, पाऊस ते फुटलेलं धुऊन नेतो, आणि वर उरतात फिकट, सैल धागे. त्यावर धूळ आणि बुरशी बसली की राखाडी आणि काळा रंग येतो. हे सगळं वरच्या पातळ थरातच. मऊ लाकूड उघड्यावर राहिलं तर शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर झिजतं असा ढोबळ हिशेब आहे, सागवान त्याहून चिवट. म्हणजे घाई करायचं काही कारण नाही. घाईने जे नुकसान होतं ते पावसाने होत नाही, आणि ते मी दोनदा करून बसले आहे.

पहिल्यांदा, सातएक वर्षांपूर्वी, एका रंगाऱ्याने सगळ्या फळ्यांना चकचकीत व्हार्निश मारून दिलं. दिवाळीत वाडा काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटले. पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं, खालचा लिग्निन फुटतच राहतो, मग थराला धरायला काही उरत नाही. फटीतून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नाही. ते पापुद्रे खरवडण्यात माझा अख्खा एक हिवाळा गेला. दुसऱ्यांदा शेजारच्या मुलाने त्याचं गाडी धुवायचं प्रेशरचं मशीन आणलं, "मावशी, दहा मिनिटांत करून देतो." दहा मिनिटांत त्याने दोन फळ्यांची लव उभी केली, हात फिरवला तर मांजरीच्या पाठीसारखं लागत होतं. फटीतून पाणी मागच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत गेलं ते वेगळंच, माडीवरचा गिलावा आठवडाभर फुगून होता. तेव्हा प्रेशरचं मशीन नको. तारेचा ब्रशही नको, त्याचे तुकडे लाकडात अडकून गंजतात.

काम कधी काढायचं? दिवाळी झाल्या झाल्या करावंसं वाटतं, पण लगेच थंडी येते आणि डिसेंबरच्या नाशिकच्या रात्रीत तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. माझा क्रम असा ठरला आहे: संक्रांत झाली की परांची बांधायची, जानेवारी संपायच्या आत धुवायचं, आणि महाशिवरात्रीच्या आत तेलाचा शेवटचा हात. त्यानंतर रंगपंचमीला तीन आठवडे मिळतात. हे तीन आठवडे नाशिककरांनी हलक्यात घेऊ नयेत. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात, गल्लीत पिंपं भरलेली असतात. एका वर्षी माझं तेल अजून ओलसर होतं आणि दाराच्या डाव्या खांबाला गुलाबी बसला तो बसलाच. अजून आहे.

धुणं आणि तेल यांच्यामध्ये मात्र फार दिवस जाऊ देऊ नका. धुतलेलं उघडं लाकूड पुन्हा ऊन खायला लागतं. वाळलं की लावायचं.

परांची बांधताना वरच्या विजेच्या वायरी बघा, आमच्या गल्लीत त्या हाताला लागतात. मग सुरुवात पारव्यांपासून. घोड्यांच्या, म्हणजे छपराला टेकू देणाऱ्या तिरक्या लाकडांच्या, मागे आणि वळचणीला त्यांची वर्षानुवर्षांची विष्ठा साठलेली असते. ती कोरडी झाडू नका, तिची धूळ छातीला वाईट. पाणी मारून भिजू द्या, मास्क लावा, मग खरवडून पिशवीत भरा.

पुढची पायरी दाभणाची. सगळीकडे टोचून बघा, आणि जास्त लक्ष खांबांच्या बुडाकडे. जुन्या लोकांनी खांब दगडी तळखड्यावर उभे केले ते उगीच नाही, लाकडाचा आडवा छेद पाणी शोषतो आणि दगडामुळे तो जमिनीपासून सुटा राहतो. आमच्याकडे मध्यंतरी ओट्याला सिमेंट करताना एका तळखड्याच्या वरपर्यंत कोबा चढवला. त्या खांबाचं बुड बोटाने दाबलं तर दबत होतं. सुतारमामांनी कोबा फोडला, कुजका भाग कापला आणि जुन्या सागाचा तुकडा खाचेने जोडला. वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया वखारीत विकायला येतात, त्यातला तुकडा होता. वाईट वाटतं, पण असं पक्कं लाकूड नवीन मिळत नाही. तुमच्याकडे असं काही निघालं तर धुण्याच्या आधी सुताराला बोलवा. उभ्या चिरा मात्र दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या लाकडाच्या वाळण्याच्या आहेत, खांब त्यांच्यासकट दोन पिढ्या उभा आहे. त्यात लांबी (पुट्टी) भरू नका, लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं आणि लांबी खपलीसारखी पडते.

जुना ऑइलपेंट असेल तर वेगळी खबरदारी. आमच्या गणेशपट्टीवर, म्हणजे दारावरच्या गणपतीच्या पट्टीवर, निळ्या रंगाचे चारपाच थर होते. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं असं धरून चाला. म्हणून कोरडं घासायचं नाही, बत्तीने जाळायचं नाही. रंग काढायचं जेल उघड्यावर लावून लाकडी पट्टीने उचलायचं, खाली पडलेलं कागदात गोळा करायचं, पोरांना लांब ठेवायचं.

आता काळे डाग. सगळं काळं एका जातीचं नसतं. कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब काळ्या डागावर टाका. मिनिट दोन मिनिटांत डाग फिका पडला तर ती बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा लोखंडाचा डाग. थेंबापुरतंच ते ब्लीच, सगळ्या भिंतीला लावू नका, ते धाग्यांनाच खातं. आणि ती बाटली लगेच आत नेऊन ठेवा, कारण पुढे आपण ॲसिड वापरणार आहोत. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. लॅबमध्ये असताना पोरांना हे मी दर जूनमध्ये सांगायची, आणि दर जूनमध्ये कोणीतरी बेसिनमध्ये करून बघायचंच.

पहिली धुलाई सोडियम परकार्बोनेटने. कपड्यांचे डाग काढायला ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं तेच, सुगंध आणि रंग नसलेलं घ्या. पाण्यात पडलं की त्याचा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो. लिटरभर कोमट पाण्याला ५० ग्रॅम. लागेल तेवढंच कालवा आणि कालवलेलं बाटलीत बंद करून ठेवू नका, वायू सुटून बाटली फुटते. फळ्या आधी साध्या पाण्याने भिजवा. मिश्रण लावताना खालून वर जा. वरून सुरुवात केली तर ओघळ कोरड्या लाकडावर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. पंधरा मिनिटं ओलं ठेवा, वाळायला लागलं तर पाण्याचा हबका मारा. मग काथ्याच्या किंवा प्लास्टिकच्या मऊ ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवं अजिबात नाही. पाणी चहासारखं तपकिरी होऊन खाली येतं, ते बघायला फार समाधान वाटतं, पण स्वच्छ पाणी येईपर्यंत घासत बसू नका. सागवानाचा स्वतःचा रंगही त्यात उतरत असतो.

खळबळायला मी द्राक्षबागेत असतो तसा पाठीवरचा फवारणी पंप वापरते. नाशकात तो कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतो. दाब बेताचा, धार फुलासारखी, आणि चार बादल्यांचं काम दीड बादलीत होतं. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी ठरावीक वेळच, त्यामुळे ही मोठी सोय. पण पंप नवा घ्या. मामेभावाने त्याच्या बागेतला जुना देऊ केला होता, मी नको म्हटलं. ज्या टाकीत औषधं कालवली ती माझ्या ओट्यावर कशाला?

ही धुलाई झाल्यावर लाकूड आधीपेक्षा गडद दिसतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, हे तर आणखी काळं झालं." सोडा अल्कली आहे, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचा, त्याने सागवान काळपटतं. ते उतरवायला ऑक्झॅलिक ॲसिड.

हे मी जरा सावकाश सांगते, कारण खरा फरक इथेच दिसतो आणि धोकाही इथेच आहे. खिळ्यांभोवती, कड्यांखाली, बिजागऱ्यांच्या कडेने जे निळसर काळे ओघळ असतात ती अक्षरशः शाई आहे. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करायचे. हिरड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य, हिराकशीत लोह. इथे टॅनिन लाकडातलं आणि लोह खिळ्याचं, पाणी पावसाचं. साबणाने ती जन्मात जाणार नाही. ऑक्झॅलिक ॲसिड त्या लोहाला पकडून पाण्यात विरघळवतं. लिटरभर गरम पाण्यात १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. पत्र्याच्या किंवा लोखंडी भांड्यात नाही. भुकटी विषारी आहे, दिसायला साखरेसारखी, म्हणून स्वयंपाकघराच्या आसपास आणायचीसुद्धा नाही आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं. रबरी हातमोजे, गॉगल, कालवताना मास्क.

आणि फरशी झाका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मलाच सुचायला हवं होतं. ओट्याची फरशी शहाबादी, म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिडचे थेंब पडले तिथे त्याची झिलई गेली आणि पांढुरके ठिपके उठले. आता मी ओटा आधी भिजवते, त्यावर प्लास्टिक अंथरते आणि तुळशीवृंदावनावर जुनी रेनकोटची शीट टाकते. चुन्याच्या गिलाव्याचीही तीच काळजी.

द्रावण ब्रशने सगळ्या फळीवर लावायचं, नुसत्या डागावर नाही, नाहीतर फिकट गोल उमटतात. मग बघत उभं राहायचं. आमच्या मधल्या फळीत जुन्या कंदिलाची कडी आहे, तिच्याखाली वीतभर काळा ओघळ होता. पाच मिनिटांत त्याची कड तपकिरी झाली, दहा मिनिटांत मधला भाग जांभळट, आणि पंधराव्या मिनिटाला मला ओघळ कुठे होता ते शोधावं लागलं. भाऊ सहसा या कामाकडे फिरकत नाही, तोही चहाचा कप घेऊन उभा राहिला. वाळू मात्र द्यायचं नाही. वाळलं तर ॲसिडचे खडे लाकडात राहतात आणि पुढे घासताना त्यांची धूळ नाकात जाते. पंधरा वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा, तीनदा. शेवटच्या ओघळाला मी निळा लिटमस लावते, लाल झाला नाही की थांबते. लिटमस नसेल तर चौथ्यांदा धुवा. जो खिळा डाग देतोय तो बदलून पितळी किंवा स्टेनलेसचा स्क्रू घाला, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात शाई पुन्हा तयार.

चार पाच दिवस कडक वाळू द्या. मग पॉलिशपेपर, हाताने, ८० नंबर आणि नंतर १२०. त्यापुढे गुळगुळीत करू नका, तेल आत शिरायला जागा हवी. नक्षीला कागद लावूच नका, जुना टूथब्रश पुरे. पाण्याचा थेंब टाकला आणि तो लगेच पसरून आत गेला, तर लाकूड तेलाला तयार आहे.

तेलाबद्दल लोकांची मतं धर्मासारखी पक्की असतात. सुतारमामा बेलतेलवाले, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. ओसरीच्या आत, पाऊस न लागणाऱ्या खांबांना मी तेच लावते, पहिल्या हाताला निम्मं निम्मं, दुसऱ्याला दोन भाग तेल आणि एक भाग टर्पेंटाइन. पण उघड्या पश्चिमेला नाही. जवसाचं तेल बुरशीला आवडतं, श्रावण संपेपर्यंत त्यावर काळे ठिपके येतात. तिथे बाहेरच्या लाकडासाठी मिळणारं, बुरशीनाशक असलेलं आणि रंगछटेचं तेल घेते. छटा हवीच. ऊन अडवतो तो त्यातला रंगाचा कण, बिनरंगी तेलाला ते जमत नाही. वहिनीला चॉकलेटी आवडत होतं, मी फिकट सागवानीवर अडून बसले.

सकाळी ऊन येण्याआधी लावा. पातळ हात, रेषेच्या दिशेने, फळीच्या कापलेल्या टोकांना दोनदोनदा. वीस मिनिटांनी जे वर तरंगतंय ते फडक्याने पुसून घ्या. न पुसलेलं तेल लाकडात जात नाही, वर बसून चिकटतं. आमच्या माडीच्या फळ्यांना पहिल्या हाताला दोन लिटर लागलं, दुसऱ्याला लिटरही नाही.

आणि फडकी! पहिल्या वर्षी मी बेलतेलाची फडकी बोळा करून चौकातल्या बादलीत टाकली. तासाभराने वहिनीचा आवाज, "वन्सं, ही फडकी गरम कशी लागतायत?" हात घातला तर आतून चटका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनने वाळतं, वाळताना उष्णता निघते, आणि बोळ्यात ती अडकून कापड आपोआप पेटू शकतं. लाकडी वाड्यात. मला हे रसायन तोंडपाठ होतं आणि तरी मी बोळा केला. आता प्रत्येक फडकं पाण्यात बुडवते आणि मग उघड्यावर, दगडी कठड्यावर एकेक पसरून वाळवते. कडक झालं की कचऱ्यात.

माझी भाची सिॲटलला असते. तिच्या घराच्या बाहेरच्या भिंती सीडरच्या फळ्यांच्या, आणि त्या अगदी आमच्या माडीसारख्या करड्या पडल्या होत्या. व्हिडिओवर दाखवून म्हणाली, "मावशी, तुझं ते ॲसिड इथे चालेल का?" चालतं. तिथलं वेस्टर्न रेड सीडर आपल्या देवदाराच्या कुळातलं नाही, सायप्रसच्या कुळातलं आहे, पण टॅनिन त्यातही भरपूर, त्यामुळे खिळ्यांची शाई तिथेही होते. लाकूड सागवानापेक्षा खूप मऊ, म्हणून तिला ब्रश आणखी मऊ घ्यायला सांगितला आणि प्रेशरच्या मशीनला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस म्हटलं. वेळ मात्र उलटी. तिच्याकडे हिवाळाभर रिपरिप आणि जुलै ऑगस्ट कोरडे. आमच्याकडे श्रावणसरी चालू असताना ती शिडीवर होती.

देखभाल फार नाही. दसऱ्याला दाराला तोरण बांधायच्या आधी फळ्या ओल्या फडक्याने पुसते आणि जाळी काढते. पश्चिमेला साधारण दर दोन वर्षांनी तेलाचा एक हात लागतो, ओसरीतल्या खांबांना चार पाच वर्षं काही लागत नाही. पण वर्षं मोजण्यापेक्षा थेंब टाकून बघावं. यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वाटीत पाणी घेऊन माडीच्या खिडकीतून एकेका फळीवर थेंब सोडला. अकरांवर तो मण्यासारखा बसून राहिला. उजवीकडच्या तिघींनी पिऊन टाकला, तिथे वळचण आखूड आहे. त्या तिघींनाच तेल लावलं आणि डबा बंद केला.